मागाचा दोष

तांडापेठ, नागपूर
६ जानेवारी २०२५

धनश्रीबाई गणितवाल्या,

आशीर्वाद नेहमीचाच, तो धरून चालावा.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन न करता लिहितो, कारण फोन तुझ्या काकूजवळ असतो आणि ती तो स्पीकरवर ठेवून बोलते. तिच्याशी बोलायचं म्हणजे अर्ध्या तांडापेठेशी बोलायचं. मला जे विचारायचं आहे ते अर्ध्या तांडापेठेला कळायला नको, आणि काकूला तर मुळीच नको.

तुझे आईवडील गेल्यावर तुला या घरी आणलं तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तेव्हापासून तुझं गणित मी लांबूनच पाहत आलो. लोकांना सांगतो, आमची पोरगी बंगळुरूला दवाखान्यातल्या मशीनसाठी गणित करते. लोक विचारतात, मशीनला गणित कशाला? मी म्हणतो, तुम्हाला नाही कळणार. मलाही कळत नाही, पण ते त्यांना सांगायची गरज नसते.

आता मात्र कळायला हवं. मागच्या महिन्यात काकूच्या कमरेत कळ आली. मुतखडा असेल म्हणून धंतोलीतल्या डॉक्टरने सीटी स्कॅन करायला लावलं. खडा निघाला नाही, डाव्या मूत्रपिंडावर डाग निघाला. तीन सेंटिमीटरचा. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, बहुतेक कॅन्सरचीच, पण वेळेत सापडली, महिन्याभरात काढून टाकू. मी काकूला आधीच बाहेर नारळपाणी प्यायला पाठवलं होतं. डॉक्टरला म्हटलं, तिला काही सांगू नका, तिचं काळीज नाजूक आहे. घरी येऊन तिला सांगितलं, गॅस आहे.

मग फिल्म खिडकीत धरून पाहिली. डागावरून एक बारीक गोल रेघ गेली आहे, आणि ती प्रत्येक चित्रात त्याच जागी आहे. आता हे मला कोणी शिकवू नये. हातमागाच्या फणीचा एक दात वाकला की रेघ लुगड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. तो मागाचा दोष. सुतात गाठ असेल तर ती जिथल्या तिथे दिसते आणि संपते. तो सुताचा दोष. माग विकून बावीस वर्षं झाली तरी डोळा विकलेला नाही. रेघ सगळीकडे आहे, म्हणजे दोष मागाचा. मग डागही मशीनचाच ना? फिल्म सोबत गुंडाळून पाठवतो.

उत्तर घरी पाठवू नकोस. इतवारीत बाबारावच्या सुताच्या दुकानावर पाठव. त्याच्या पोटात गोष्ट राहते. त्याच्या बायकोच्या, कौसल्याच्या पोटात राहत नाही, पण ती दुकानावर क्वचितच बसते.

तुझा
ताराचंदकाका

*

बंगळुरू
१३ जानेवारी

काका,

नमस्कार. बाबारावकाकांनाही नमस्कार, कारण पाकीट तेच आधी उलटसुलट करून पाहणार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग मी दोन दिवस फिल्म पाहिली, आणि तुम्ही इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल काही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

ती फिल्म म्हणजे फोटो नव्हे. पोटाच्या आतला फोटो कोणीच काढलेला नाही. मशीन फक्त मोजतं. एका बाजूने किरण सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला किती उरला ते पाहायचं. वाटेत हाड, मांस, पाणी जे लागलं त्या सगळ्याची मिळून एकच बेरीज हाती येते. कुठे काय होतं ते कळत नाही. मग मशीन जरासं फिरतं आणि पुन्हा बेरीज घेतं. अशा लाखो बेरजा झाल्या की त्यांवरून आत काय असेल ते उलट शोधायचं. हेच आमचं गणित, आणि त्यावरच माझं पोट चालतं.

वहीत चार घरांची चौकट काढा, दोन वर, दोन खाली. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन घरं काळी करा. मी न बघता विचारते, आडव्या ओळींत किती काळी? एक आणि एक. उभ्या ओळींत? एक आणि एक. मला चित्र ओळखता येईल का? नाही, कारण उलट्या कोपऱ्यांतली घरं काळी केली असती तरी बेरजा याच आल्या असत्या. तिरकं मोजलं तरच निकाल लागतो. म्हणून मशीनला चहूबाजूंनी फिरावं लागतं. शंभरएक वर्षांपूर्वी एका ऑस्ट्रियन गणितज्ञाने सिद्ध केलं की सगळ्या दिशांच्या सगळ्या बेरजा मिळाल्या तर आतलं चित्र एकच असू शकतं. तेव्हा असं मशीन जगात नव्हतं. पण खरं मशीन मोजक्याच दिशा घेतं, आणि मोजक्या दिशांतून त्याच बेरजा देणारी पोटं कागदावर एकाहून जास्त निघतात. माझा प्रबंध याच गोष्टीवर होता. पदवीच्या दिवशी तुम्ही नवा कोट घालून आला होतात, पण विषय विचारला नव्हता.

आता तुमची रेघ. किरण मोजणारे शेकडो डोळे मशीनमध्ये असतात. त्यातला एक बिघडला की तो दर वेळी चुकीचा आकडा सांगतो, आणि मशीन गोल फिरत असल्यामुळे त्या चुकीचं वर्तुळ उमटतं. तुमच्या फणीचा वाकलेला दात तो हाच. रेघ मशीनचीच, तुमचं बरोबर आहे. आमच्याकडे नव्या मुलांना हे ओळखायला महिना लागतो.

जाता जाता एवढंच, की रेघ मशीनची म्हणून डागही मशीनचा, असं होत नाही. दोन्ही एका जागी असू शकतात. डॉक्टरांनी सांगितलंय तसं करा. आणि काकूला सांगा.

धनश्री

*

तांडापेठ
२० जानेवारी

धनश्री,

शाब्बास! "रेघ मशीनचीच, तुमचं बरोबर आहे" हे वाक्य मी बाबारावला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताराचंद, तू तं डॉक्टरच झाला गा!" त्यावर चहा त्यानेच पाजला, आणि बाबारावने चहा पाजणं ही इतवारीत लहान गोष्ट नाही.

चौकट मी काढून पाहिली. नऊ घरांची काढली, सोळाची काढली. तू म्हणतेस ते खरं आहे, वेगळं चित्र आणि त्याच बेरजा! मग मला सांग, काकूच्या पोटाच्या बेरजा देणारी जर आणखी पोटं असतील, तर त्यातलं डाग असलेलंच पोट काकूचं, हे डॉक्टरने कशावरून ठरवलं? बिनडागाचं पोट त्याच बेरजा देत असेल तर? हा प्रश्न मी त्याला विचारला. तो म्हणाला, "आजोबा, ऑपरेशनची तारीख घ्या." उत्तर येत नसलं की माणूस असंच बोलतो.

तारीख घेतलेली नाही. काकूची तब्येत झकास आहे. संक्रांतीला दीड किलोचे लाडू एकटीने वळले. नाजूक काळजाच्या बाईला बिघडलेल्या मशीनच्या भरवशावर सुरीखाली झोपवायला मी काही खुळा नाही.

त्या शेवटच्या दोन-तीन ओळी तू घाईत लिहिल्या असशील. पुढच्या पत्रात बिनडागाच्या पोटाचं गणित सविस्तर लिही.

काका

*

बंगळुरू
२६ जानेवारी

काका,

चूक माझी आहे. आमच्या लेखांत सगळं गणित आधी आणि निष्कर्ष शेवटी लिहायची रीत आहे. मी तुम्हाला तसंच पत्र लिहिलं. आता निष्कर्ष आधी लिहिते: काकूला ऑपरेशन लागणार आहे, आणि तुम्ही वीस दिवस घालवले आहेत. त्यातले सात माझे.

बेरजा त्याच आणि पोट वेगळं, हे खरं. पण तो फरक केसाएवढ्या बारीक रेषांचा असतो. तीन सेंटिमीटरची गाठ त्यात लपत नाही आणि नसलेली उगवतही नाही. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. मला माझा प्रबंध सांगायचा होता, म्हणून राहून गेलं.

आता मला एक सांगा. तुम्ही पाठवलेल्या फिल्मच्या कोपऱ्यात "१/२" लिहिलं आहे. दुसरी कुठे आहे? पहिली साधी असते. दुसरी शिरेतून औषध सोडल्यावर घेतात. ते औषध रक्ताबरोबर जातं. तुम्ही जन्मभर सूत रंगवलंत, म्हणून तुमच्या भाषेत विचारते: मशीनचा दोष रंग पीत नाही, रक्त असलेली गाठ पिते. दुसऱ्या फिल्मवर रेघ तशीच राहिली आणि डाग उजळला, असं आहे का? हो की नाही, एका शब्दात कळवा.

मी तीन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला, कारण तुम्ही शपथ घातल्यासारखं लिहिलंत. जिने मला न्हाऊ-माखू घातलं तिच्यापासून मी हे लपवते आहे, याची मला लाज वाटते. पाच फेब्रुवारीपर्यंत तुम्ही तिला सांगितलं नाही, तर मी फोन करीन आणि अर्ध्या तांडापेठेला ऐकू जाईल असा करीन.

धनश्री

*

तांडापेठ
३० जानेवारी

बाई धने,

मले पत्र लिहिता येत नाही, बोलते तसंच लिहून राहिली.

बाबाराव भाऊजी लग्नाले कळमेश्वरले गेले, म्हणून काल दुकानावर कौसल्या बसली होती. पोस्टमनने तुझं पाकीट देल्लं. तिनं अक्षर ओळखलं. तिले वाटलं, पोरीनं पत्ता चुकवला. धावत-पळत घरी घेऊन आली बिचारी. मी फोडलं अन् वाचलं.

मग गादी उचलली. चाळीस वर्षं झाली, तुह्या काकाले काही लपवाचं असलं का गादीखालीच ठेवते. दुसरी फिल्म तिथं होती. मले त्यातलं काही समजलं नाही, म्हणून आज कौसल्याले घेऊन डॉक्टरकडे गेली. त्यानं सारं समजावून सांगितलं. मी विचारलं, "मले काहून नाही सांगितलं?" तो म्हणे, "तुमचे मिस्टर म्हणाले, तुमचं काळीज नाजूक आहे." मी म्हटलं, "आता त्याइले सांगू नका, त्याइचं काळीज नाजूक आहे." डॉक्टर हसला अन् म्हणे, "तुमच्या घरात कोणाचं तरी धड आहे का?"

मी सात तारखेचं ऑपरेशन ठरवलं. दुर्बिणीनं करतात म्हणे. घरी सांगितलं का उमरेडले माह्या बहिणीच्या, नीलाच्या पोरीचं बाळंतपण आहे, महिनाभर जाते. काका म्हणे, जा. त्याइले आनंदच झाला, का मी घरी नसली तं निवांत चौकटी काढता येतील. साऱ्या वह्या काळ्या करून टाकल्या आहेत.

तुझं पाकीट डिंकानं चिकटवून परत दुकानावर पाठवलं आहे. त्याइले ते उद्या भेटन. तू फोन करू नको. तुले माही शपथ आहे. काकाच्या होकाराची वाट पाहत बसली तं माहा उन्हाळा निघून जाईन.

मले भेव वाटून राहिलं धने, खोटं काहून बोलू. दवाखान्यात घरच्या माणसाची सही लागते. तू ये.

तुझी काकू

*

बंगळुरू
३ फेब्रुवारी

काकू,

सहा तारखेला सकाळी येते. थेट दवाखान्यात येईन, घरी नाही. पत्र कौसल्याकाकूंच्या नावाने टाकते आहे. एका घरातल्या दोन माणसांना पत्र लिहायला मला आता दोन पत्ते लागतात.

काकांनी मला एक गुपित ठेवायला लावलं आणि तू दुसरं. हिशेबाने मी दोघांचीही अपराधी आहे. पण तू घाबरू नकोस. मी तुझा हात धरून बसेन, जेवढा वेळ धरू देतील तेवढा.

तुझी धनी

*

तांडापेठ
८ फेब्रुवारी

धनश्री,

पाच तारीख उलटली आणि तुझा फोन आला नाही. म्हणजे तुलाही पटलं. मोठ्या मनाने चूक कबूल केलीस, मला बरं वाटलं.

तुझी काकू परवा उमरेडला गेली, नीलाच्या मुलीच्या बाळंतपणाला. पिशवी स्वतः उचलून रिक्षात बसली. मला सांग, जिच्या पोटात तीन सेंटिमीटरची गाठ आहे ती बाई दुसरीचं बाळंतपण करायला जाईल का? हा पुरावा तुमच्या कुठल्या मशीनमध्ये बसतो? मी तिला म्हटलं, "काहून वं, कंबर दुखते का?" ती म्हणाली, "आता नाही दुखणार जी." बघ, गॅसचं औषध लागू पडलं.

मी आता पंचवीस घरांच्या चौकटीवर आलो आहे. एका चित्रात मधोमध डाग ठेवला, आणि त्याच आडव्या-उभ्या बेरजांचं दुसरं चित्र शोधलं ज्यात मधे डाग नाही. चार दिवस लागले, पण सापडलं! बाबाराव म्हणतो, हे दिल्लीला पाठवलं पाहिजे. पान सोबत जोडलं आहे, तुझ्या साहेबांना दाखव.

घर मात्र फार शांत आहे. काल दुपारी बाबारावच्या फोनवरून लावला तर काकूने उचलला नाही, नीलाने उचलला. म्हणाली, काकू झोपली आहे. दुपारी झोपणारी बाई नाही ती. बाळंतपणाचं जागरण झालं असेल.

काका

*

उमरेड, नीलाकडून
१६ फेब्रुवारी

अहो,

लग्नाले चाळीस वर्षं झाली, अन् हे माहं तुम्हाले पहिलंच पत्र आहे. बसून वाचा.

नीलाच्या पोरीले दिवस गेलेले नाहीत. मी सात तारखेले ऑपरेशन करून घेतलं. धनी आली होती, तिनं सही केली. तुम्ही घरी बसून चौकटी काढत होते, अन् आम्ही तुमच्यापासून अर्ध्या तासावर होतो. डाग होता. डॉक्टरनं तेवढा भाग कापून काढला, बाकी मूत्रपिंड ठेवलं. पाच दिवस तिथं राहिली अन् मग नीलाकडे आली. आता चालते, जेवते, खोकलली का टाके दुखते.

तुम्ही मले भेवानं नाही सांगितलं, हे मले समजते. पण जी, पोट माहं होतं. मरणारी मी होती. मले न सांगता तुम्ही अन् बाबाराव भाऊजी चहा पीत माह्या पोटाचा निकाल लावत होते. याचा मले लय राग आला. अजून आहे.

गाठ तपासाले पाठवली आहे. रिपोर्ट महिन्याच्या शेवटी येईन. तो आणाले तुम्ही जा.

घ्याले या. येताना माही निळी शाल आणा.

चंद्रकला

*

तांडापेठ
३ मार्च

धनश्री,

तू अर्ध्या तासावर होतीस आणि मला भेटली नाहीस. रागवायचं ठरवलं होतं, पण जमत नाही. तू तिच्याजवळ होतीस, आणि तिथे मी असायला हवं होतं.

तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलं आहे. हो. डाग रंग प्यायला होता. तू विचारलंस त्याच्या तीन आठवडे आधी, पहिल्याच दिवशी खिडकीत दोन्ही फिल्मा शेजारी धरल्या तेव्हा मी ते पाहिलं. रेघ जशीच्या तशी होती आणि डाग उजळला होता. ज्याने जन्मभर सूत रंगात बुडवलं त्याला हे कोणी सांगावं लागत नाही. म्हणून ती फिल्म तुला पाठवली नाही. मला तुझं गणित नको होतं, मला कोणीतरी "नाही" म्हणायला हवं होतं. तू हुशार आहेस, म्हटलं तुझ्या गणितात कुठेतरी "नाही" सापडेल. मी फार घाबरलो होतो गं.

उमरेडला गेलो तेव्हा ती अंगणात खाटेवर बसली होती. मी शाल दिली आणि रडायला लागलो. नीलाचे शेजारी जमा झाले. काकू त्यांना म्हणाली, "काही नाही झालं जी, याइले गॅस झाला आहे." त्यावर सगळे हसले, मीसुद्धा.

आता परवाची गोष्ट. रिपोर्ट आणायला मीच गेलो. पाकीट बंद होतं. ते तिच्या हातात बंदच द्यायचं ठरवलं होतं, पण डॉक्टरच्या जिन्यातच फोडलं. माणूस पंधरा दिवसांत कुठवर सुधारणार? इंग्रजी मला अडखळत येतं, म्हणून परत वर गेलो आणि डॉक्टरकडून समजून घेतलं. कॅन्सरच होता. कडा साफ आहेत, म्हणजे सगळा निघाला. वर्षानुवर्षं तपासत मात्र राहावं लागेल.

घरी येईपर्यंत बसमध्ये मी चार वाक्यं तयार केली. साधी गाठ होती. चरबीची होती. रिपोर्ट अजून आला नाही. चौथं इतकं चांगलं होतं की मलाच खरं वाटायला लागलं.

ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय निघालं?" मी खाली बसलो. ती चारही वाक्यं तोंडाशी आली. मग मी म्हटलं, "कॅन्सर होता. सगळा काढला. पण पुन्हा येऊ शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी जावं लागन." आणि मीही भाजी निवडायला घेतली.

तिने हातातली जुडी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "डॉक्टरचा सकाळीच फोन आला होता. तुम्ही सांगता का नाही, ते पाहून राहिली होती."

तुझा
काका